भुरीच्या घशातलं हाड

सक्करदऱ्याच्या तळ्याकडून आत वळलं की विणकरांची गल्ली लागायची. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मागांची खटखट. त्या गल्लीत माणूस आजारी पडला की त्याला धंतोलीला खाजगी डॉक्टरकडे न्यायचं की सरकारी दवाखान्यात, यावरून घराघरांत वाद पेटत. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. तुळसाबाईला दाखवा.

तुळसाबाई ही लहानू विणकराची आई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा माग चालवायचा आणि सून प्रेमिला त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायची. तुळसाबाईला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण जनावर ओळखू येत होतं, आणि याचा तिला गर्वही होता. असायलाच हवा होता. मांजर पेटीमागं दडून बसलं, अंग चाटेनासं झालं, डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा वर आला, की ती लांबूनच म्हणे, "हे बिमार हाये." कुत्र्याचा ओठ उलटून ती हिरडी पाही. गुलाबी असली तर घोर नाही. पांढरीफटक पडली तर पोटात जंत, नाहीतर अंगावर गोचिड. शेजारच्या कुसुमताईचा बोका एकदा राखेच्या ढिगावर पुन्हापुन्हा जाऊन बसायचा, कण्हायचा आणि तसाच उठायचा. पोट साफ होत नसेल म्हणून कुसुमताई त्याला एरंडेल पाजायला निघाली होती. तुळसाबाईनं तिच्या हातातून वाटी काढून घेतली.

"अवं, याची लघवी तटली हाये. तेल काय पाजून राहिली तू? जनावराच्या दवाखान्यात ने. आत्ताच्या आत्ता ने."

कुसुमताईनं नेला आणि बोका वाचला. तेव्हापासून तुळसाबाईचा शब्द म्हणजे गल्लीत कोर्टाचा निकाल झाला. अशा माणसाचं एकच वाईट असतं. ते चुकतं, तेव्हा त्याला अडवणारं कोणी उरलेलं नसतं.

चौऱ्याहत्तर सालची धुळवड होती. धुळवडीला त्या गल्लीत ज्याच्या घरी मटण शिजलं नाही तो एक तर दुखण्यात, नाहीतर सुतकात. दुपारपर्यंत साऱ्या गल्लीला काळ्या मसाल्याचा वास सुटला आणि संध्याकाळी प्रत्येक उंबऱ्यापुढं एकेक कुत्रं हाड फोडत बसलं. लहानूच्या उंबऱ्यापुढं भुरी होती. भुरी कोणी पाळलेली नव्हती. तीच यांच्याकडे राहायला आली होती आणि लहानूच्या मागाशेजारी तिनं आपली जागा करून घेतली होती. थंडीत एका फिरस्त्या कुत्र्याशी तिची झोंबाझोंबी झाली होती, कानामागं थोडं फाटलं होतं, ते तुळसाबाईनं हळद लावून बरंही केलं होतं. ती गोष्ट आता कोणाच्या ध्यानातही नव्हती.

घरात त्या दिवसांत एकच विषय होता. लग्नाला इतकी वर्षं होऊन, नवस-सायास, दवाखाने सगळं होऊन, देवालाही कंटाळा आल्यावर प्रेमिलेला दिवस गेले होते. पाचवा महिना लागला होता. तुळसाबाई तिला पाण्याची घागर उचलू देत नव्हती, उन्हात जाऊ देत नव्हती. लहानू तर मागावर बसल्या बसल्या मधेच हात थांबवायचा आणि बायकोकडे बघून उगाच हसायचा.

धुळवड सरली आणि भुरीनं खाणं टाकलं. एका सकाळी लहानूनं पाहिलं तर ती खाली मान घालून बसलेली, खालचा जबडा लोंबता, तोंडातून लाळेची तार. भुंकायला गेली तर घोगरा, फाटका आवाज निघाला. लहानूनं दुधात भाकरी कुस्करली, आपल्या हातानं तिच्या तोंडात सारली. भाकरी तशीच बाहेर पडली. त्यानं पुन्हा सारली. शेवटी दुपट्ट्यानं तिची लाळ पुसली, हात त्याच दुपट्ट्याला पुसले आणि मागावर जाऊन बसला. लग्नसराईच्या लुगड्यांचं काम अंगावर होतं, थांबायला सवड नव्हती.

"माय, भुरीले पाय बरं. गिळताच येऊन नाई राहिलं तिले."

तुळसाबाईनं भुरीपुढं बैठक मारली. ओठ उलटला, हिरडी पाहिली, गळ्यावरून हात फिरवला. गल्लीतल्या दोन-तीन बायका जमल्याच होत्या.

"हाड अडकलं," ती म्हणाली. "धुळवडीचं हाड. आडवं बसलं असन."

कुसुमताई उंबऱ्याच्या आत आली नव्हती. "पिसाळलं तं नसन ना वं?" तिनं भीत भीत विचारलं.

तुळसाबाई हसली. त्या हसण्यात कुसुमताईच्या एरंडेलाची आठवण होती, हे कुसुमताईलाही कळलं. "पिसाळलेलं कुत्रं असं गुमान बसते काय? ते धावते, दिसंल त्याले चावते, पान्याले भिते. हे पाय, हे तं पान्याच्या भांड्यात तोंड घालून बसलं हाये बिचारं."

आणि ते खरंच होतं. भुरी पाण्यात तोंड घालून बसली होती. पाणी पोटात जात नव्हतं, एवढंच.

पूर्वी असली हाडं तुळसाबाई स्वतः काढायची. पण आता तिच्या बोटांच्या पेरांना गाठी आल्या होत्या, बोटं वाकत नव्हती. प्रेमिलेची बोटं बारीक, लांबसडक. तुटलेला धागा ती न बघता सांधायची.

"प्रेमिला, तू घाल हात. मी जबडा धरते. घाबरू नको, ती नाई चावत."

प्रेमिला एकदा सासूकडे बघून खाली बसली. भुरीनं जबडा मिटण्याची खटपटही केली नाही. प्रेमिलेचा हात जिभेवरून मागं गेला, मनगटापर्यंत गेला, बांगड्या लाळेनं माखल्या.

"मामीजी, काईच नाई लागत," ती सासूला म्हणाली.

"अजून खाली पाय. बाजूनं पाय."

"नाई ना जी. मऊ मऊच लागते सारं."

"मंग खाली उतरलं असन," तुळसाबाई म्हणाली. तिनं हात धुतले, प्रेमिलेला धुवायला लावले आणि ठरवलं की भुरीला जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं. तिथं लांब चिमटा असतो. हाड आहे याबद्दल तिला शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुरीला पोत्यावर निजवून ती सायकल रिक्षानं निघाली. भुरीचे मागचे पाय आता लुळे पडले होते. दवाखान्यात गर्दी होती. एक म्हैस, दोन बकऱ्या, कोणाचं तरी पांढरं झुबकेदार कुत्रं. डॉक्टर तरुण होता. टेबलाजवळ आला आणि भुरीचं तोंड दिसताच हात मागं घेऊन उभा राहिला.

"हाड अडकलं हाये जी," तुळसाबाई म्हणाली. "धुळवडीचं."

"बाई, हाड अडकलेलं कुत्रं पंजानं तोंड ओरबाडतं, मान झटकतं, ओकाऱ्या काढतं. ही ओरबाडते का?"

तुळसाबाईनं आठवून पाहिलं. भुरीनं एकदाही पंजा तोंडाकडे नेला नव्हता. हाड अडकलेली कुत्री तिनं काय कमी पाहिली होती? सगळी ओरबाडत होती. तिला ते ठाऊक होतं, आणि तरी काल ते तिच्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

"जबडा लुळा पडलाय हिचा," डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "पिसाळलेलं प्रत्येक कुत्रं धावत नाही, चावत नाही. काही अशी मुकाट बसून राहतात. लोकांना वाटतं, हाड अडकलं. हिच्या तोंडात हात कोणी घातला?"

तुळसाबाईनं रिक्षेवाल्याकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं. मग म्हणाली, "माह्या सुनेनं."

भुरीला तिथंच पिंजऱ्यात ठेवून घेतलं. ती पुढं जगली नाही.

त्याच दुपारी तुळसाबाई प्रेमिलेला घेऊन माणसांच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की इंजेक्शनं घ्यावी लागतील, रोज, पोटात. दोघींनाही. एकदा हा रोग दिसायला लागला की त्यावर औषध नाही. तो दिसण्याच्या आतच जे करायचं ते करायचं.

पोटात! प्रेमिलेचा हात आपोआप पोटावर गेला. तुळसाबाई पुढं झाली.

"लेकराले सुई लागंल ना जी?"

"सुई कातडीखालीच राहते, बाई. बाळापर्यंत जात नाही. आईच राहिली नाही तर बाळ कुठलं?"

मग बाईंनी विचारलं, "घरात आणखी कोणाला लाळ लागली?"

"पोराच्या हाताले लागली जी. त्यानं भाकर चारली."

"त्याच्या हाताला जखम आहे का कुठं?"

"नाई," तुळसाबाई म्हणाली.

ती खोटं बोलली नाही. विणकराच्या बोटांना चिरा असतातच. ताणलेला धागा सर्रकन बोटातून निघतो, कातडी चिरत जातो; खळीनं ती चीर पांढरी पडते, दुसऱ्या दिवशी तिच्याच बाजूला दुसरी पडते. तिच्या नवऱ्याच्या बोटांना होत्या, सासऱ्याच्या होत्या. त्या गल्लीत त्यांना जखम म्हणायची रीत नव्हती. कोणी म्हणालं असतं तर लोक हसले असते. जखम म्हणजे रक्त वाहतं ती, पट्टी बांधावी लागते ती.

"तरी त्याला एकदा पाठवा," बाई म्हणाल्या. "मी बघते."

घरी आल्यावर गल्ली लोटली. कालपर्यंत जिच्या शब्दाला कोर्टाच्या निकालाची किंमत होती, तिला आज सगळे अक्कल शिकवायला लागले. पाचव्या महिन्यात पोटात सुया? लेकरू लुळं निघंल. कोणी म्हणे मौद्याकडं एक बाबा झाडपाला देतो, कोणी म्हणे चावलंच नाही तर इंजेक्शन कशाला. तुळसाबाई भिंतीला टेकून बसली. तिलाही आतून तेच म्हणायचं होतं. इतक्या वर्षांनी रुजलेलं ते लेकरू, त्याच्या अंगावर सुई नेऊ द्यायची?

गर्दी पांगल्यावर प्रेमिला तिच्यापुढं येऊन बसली. ती कधी सासूला उलटून बोलली नव्हती. आजही आवाज चढवला नाही.

"मामीजी, हाड हाये म्हणून तुमीच म्हणलं होतं. मी हात घातला. आता काय म्हणता, ते सांगा."

तुळसाबाईला हे ऐकवेना. तिनं सुनेचे दोन्ही हात धरले. त्या बारीक बोटांकडे बघता बघता तिला रडू कोसळलं. "मले काई समजत नाई वं बाई. इतके दिवस समजते म्हणून मिरवत होती, इतकंच. डॉक्टरीण म्हणते ते कर. मी तुह्यासंगं येते. आंधी मले टोचतीन, मंग तुले."

आणि तसंच झालं. रोज दोघी पायी जात. आधी तुळसाबाई पोट उघडं करून आडवी पडे, दात आवळून घेई; मग उठून सुनेच्या उशाशी उभी राही. पोटावर लिंबाएवढ्या गाठी येत, कूस बदलता येत नसे. कांड्या भरायला घरात कोणी उरलं नाही, तेव्हा लहानू स्वतःच कांड्या भरी आणि स्वतःच विणी. लग्नं तोंडावर आली होती, शेठचा माणूस दाराशी येऊन बसत होता.

"लहानू, तुले बोलावलं हाये बाईनं," तुळसाबाईनं त्याला दोन-तीनदा सांगितलं.

"येतो ना माय. हे लुगडं उतरू दे."

ते लुगडं उतरलं, दुसरं चढलं. तिनं पुन्हा विषय काढला तेव्हा तो हसला. "भुरी मले चाटली, चावली थोडीच? चाटत तं ती रोजच होती. आणि आपण तिघंही पोट धरून निजलो तं माग कोण चालवंल?"

तुळसाबाईनं आत पाहिलं. प्रेमिला आत कण्हत होती, तिला पेज द्यायची होती. सुनेसाठी, नातवंडासाठी साऱ्या गल्लीशी भांडून तिच्यातलं भांडण संपलं होतं. "बरं, मंग जाजो," ती म्हणाली.

तो "मंग" कधी आला नाही. इंजेक्शनं संपली, गाठी जिरल्या. उन्हाळा गेला, गल्लीतली लग्नं लागली. भुरीची जागा रिकामी होती, ती पुढं दुसऱ्या एका कुत्र्यानं घेतली. आता कोणी मांजर आणून दाखवलं तर तुळसाबाई सरळ म्हणे, "मले नको दाखवू वं, दवाखान्यात ने." आषाढाच्या शेवटी प्रेमिला बाळंत झाली. मुलगी झाली, हातपाय धड, आवाज असा की माग चालू असताना ऐकू यावा. लेकरू लुळं निघेल म्हणणाऱ्या बायकाच आधी बघायला आल्या. तुळसाबाईनं नातीचं एकेक बोट उलगडून पाहिलं आणि तिला वाटलं, देवानं आपल्याला माफ केलं.

बारशाच्या आदल्या दिवशी लहानू मागावर बसल्या बसल्या उजव्या हाताचं पहिलं बोट मागाच्या लाकडावर घासत होता.

"काय झालं गा?"

"खाजून राहिलं माय. आतून मुंग्या आल्यावानी. पार कोपरापर्यंत."

अंगही थोडं तापलं होतं. जागरणानं झालं असेल, असं तोच म्हणाला. प्रेमिलेनं त्याला जरा पडायला सांगितलं, पण त्याला पडवत नव्हतं. तो उठे, बसे, दाराशी जाई. दारातून वाऱ्याची झुळूक आली तसा अंग चोरून आत आला आणि म्हणाला, दार लावून घ्या.

बारशाला सारी गल्ली आली. पाळणा मागाच्या शेजारीच बांधला होता. पाटावर प्रेमिला मुलीला मांडीवर घेऊन बसली होती, बायका गात होत्या, घुगऱ्या वाटल्या जात होत्या. लहानू कोपऱ्यात पेटीवर बसला होता. ओठ सुकलेले, डोळे मोठे झालेले. नाव काय ठेवायचं ते त्यानंच ठरवलं होतं, जया, आणि ते तो आल्यागेल्याला दहादा सांगत होता. त्याला बोलणं थांबवता येत नव्हतं.

"माय, पानी दे वं. गळा कोरडा पडला."

तुळसाबाईनं माठातून गिलास भरून आणला. त्यानं हात पुढं केला, गिलास घेतला, तोंडाजवळ नेला. आणि त्याच्या गळ्याला असा हिसका बसला की अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. तो लाजल्यासारखा हसला. पुन्हा नेला. या वेळी पाणी ओठाला लागायच्याही आधी गळा आवळला, मान मागं गेली, श्वास अडकल्यासारखा आवाज निघाला. त्यानं गिलास खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघेनासा झाला.

"तहान तं लई लागली हाये माय," तो हळूच म्हणाला. "पन नाई होत."

तुळसाबाईनं त्याचा उजवा हात हातात घेतला. पहिल्या बोटावर चिरा होत्या, जुन्या, नव्या, एकीवर एक. ती कितीतरी वर्षं रोज बघत आली होती त्या चिरा. डॉक्टरीणबाईंनी विचारलेलं तिला शब्दन् शब्द ऐकू आलं. हाताला जखम आहे का कुठं? आणि आपण दिलेलं उत्तरही.

माणसाच्या रोगाची सगळी लक्षणं तिला आयुष्यात पहिल्यांदा एका नजरेत कळली होती, आणि कळून काही उपयोग नव्हता. त्यावर औषध नाही, हेही तिनं त्याच दवाखान्यात ऐकलं होतं. तिनं गिलास उचलला आणि पदराआड धरला, त्याला दिसू नये म्हणून.

गाणं थांबलं होतं. बायका वळून बघत होत्या. कुसुमताई पुढं आली. तुळसाबाईनं सांगणं सोडून महिने लोटले होते, तरी तिनं जुन्या सवयीनं विचारलं, "काय झालं वं तुळसाबाई, लहानूले?"

पाळण्याची दोरी कोणाच्या तरी हातात तशीच राहिली होती. तुळसाबाईनं पाटावर बसलेल्या सुनेकडे पाहिलं, तिच्या मांडीवरच्या लेकराकडे पाहिलं. आज बारसं होतं. आजचा दिवस तरी.

"काई नाई वं," ती म्हणाली. "घशात काईतरी अडकलं असन."

बायकांनी पुन्हा गाणं धरलं. प्रेमिलेनं धरलं नाही. ती सासूकडे बघत राहिली, आणि मग तिनं मुलीच्या अंगावरून, भुरीच्या घशात गेलेला तो आपला हात सावकाश काढून घेतला.